गळ्यातलं पितळ

दागिना आणि दुखणं यांचं नातं आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. माझ्या आजीच्या कानाच्या पाळ्या लोंबून पार खाली आल्या होत्या. कुड्या, झुबे, वर बुगड्या, आणि या सगळ्याचं वजन पेलायला केसांत अडकवलेले वेल. गंमत बघा, वजन कमी करावं असं कुणाच्या मनात आलं नाही. वजन टांगायला आणखी एक दागिना आला. शेवटी डाव्या कानाची पाळी तुटून दोन टोकं वेगळी झाली, तेव्हा आजीने थोडं वरच्या अंगाला नवीन भोक पाडून घेतलं आणि त्यात कुडी घातली. हल्ली पाळी शिवून मिळते, दवाखान्यात जाऊन तासाभरात परत येता येतं. पण त्या काळी आजीला कुणी म्हणालं असतं की बाई, या दागिन्यांनी तुमच्यावर अन्याय केलाय, तर तिने त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

तामिळनाडूत मदुराईकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या कानातले पांबडम ज्यांनी पाहिले असतील त्यांना आजीचे कान काहीच वाटणार नाहीत. तिथे पाळी मुद्दाम लांबवत, अगदी लहानपणापासून. आणि हिंदीत तर ‘हंसली’ हे गळ्यातल्या कड्याचंही नाव आहे आणि गळ्याखालच्या आडव्या हाडाचंही. दागिना आधी की हाड आधी, कोण जाणे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे कायान बायका. ‘लांब मानेच्या बायका’ म्हणून आपण त्यांचे फोटो कॅलेंडरवर, मोबाईलवर, प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांवर पाहतो. फोटो दिसला की आपल्या तोंडून दोनच उद्गार निघतात: ‘अगं बाई, कित्ती छान!’ किंवा ‘अगं बाई, काय हे हाल!’ मी दोन्ही ऐकलेत, एकाच बाईच्या तोंडून, एकाच मिनिटात. या दोन उद्गारांच्या मध्ये काही आहे का, ते मला बघायचंय.

कायान हे म्यानमारमधले लोक. थायलंडच्या सीमेला लागून असलेल्या डोंगराळ कायाह राज्यात आणि त्याच्या आसपास त्यांची मूळ वस्ती. शेजारचे शान लोक त्यांना पडाउंग म्हणतात, आणि बाहेरच्या जगात तेच नाव आधी पोचलं. ते स्वतः स्वतःला कायान म्हणवतात, तेव्हा आपणही तेच म्हणावं. त्यांच्यातल्या सगळ्याच बायका गळ्यात पितळ घालतात असंही नाही; कायानांच्या एका शाखेतली ही चाल आहे. पुष्कळ कायान आता ख्रिस्ती, बरेचसे कॅथलिक. म्हणजे गळ्यात पितळ आणि रविवारी चर्च, असंही तिथे चालतं.

गळ्यात जे दिसतं ते कड्यांची चळत नसते. एकच लांब पितळेची कांब असते, गळ्याभोवती वेढे देत देत गुंडाळलेली. मुलगी साधारण पाच वर्षांची झाली की पहिले वेढे घालतात. मग ती वाढेल तशी जुनी कांब उलगडून काढायची आणि आधीपेक्षा लांब कांब गुंडाळायची. हे काम येरागबाळ्याचं नाही, जाणत्या बाया ते हाताने करतात. मोठ्या बाईच्या गळ्यातलं वजन पाच किलोच्या वर सहज जातं. किराणा दुकानातून पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन दोन जिने चढून बघा, म्हणजे अंदाज येईल. आणि ती पिशवी रात्री झोपतानाही उतरायची नाही. गुडघ्याखालीही पितळेचे वेढे असतात, पण फोटो काढणारा तिथपर्यंत क्वचितच जातो.

आता शरीराचं काय होतं ते. मान लांब होते, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं पहिलंच वाक्य खरं नाही. १९७९ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकात जॉन केशिशियन या अमेरिकन डॉक्टरांनी या बायकांच्या एक्स-रेचा अभ्यास मांडला. मानेचे मणके ताणले गेलेले नव्हते. बदललं होतं ते खालचं सगळं. पितळेच्या भाराने गळ्याचं हाड आणि वरच्या बरगड्या खाली दाबल्या जातात, खांदे उतरतात. खांदे खाली गेले म्हणून मान वर आल्यासारखी दिसते. भिंत तेवढीच, जमीन खचली.

माझी सून फिजिओथेरपीचं काम करते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘आई, बरोबरच आहे. मणके खरोखर तेवढे ओढले गेले असते तर आतल्या मज्जारज्जूचं काय झालं असतं? बाई हातपाय हलवू शकली नसती.’ कायान बायका तर शेतात राबतात, पाणी भरतात, पाठीवर ओझी नेतात, मुलं वाढवतात. पांगळी झालेली बाई हे करत नाही.

तरी शरीर सगळं सोसून सुटतं असंही नाही. मानेचे स्नायू दुबळे होतात, कारण डोकं पेलायचं त्यांचं काम पितळ करत असतं. आपल्यापैकी कितीतरी जणींना स्पाँडिलोसिससाठी मानेचा पट्टा लावावा लागलाय. डॉक्टर बजावतात ना, दुखणं कमी झालं की पट्टा काढा, सवय लावून घेऊ नका? तेच कारण. पट्टा मऊ स्पंजाचा आणि आठ-पंधरा दिवसांचा. इथे पितळेचा आणि जन्माचा. पितळेखालच्या कातडीला हवा लागत नाही. घाम, घर्षण, उन्हात तापलेला धातू. त्वचा काळवंडते, सोलवटते. हनुवटीखाली पितळ टोचू नये म्हणून कापडाची घडी ठेवलेली दिसते. खाली बघायचं तर कमरेतून वाकायचं. मान मागे टाकून घोट घेता येत नाही म्हणून पुष्कळ जणी नळीने पितात. लहान वयात, हाडं कोवळी असताना हा भार पडतो, म्हणूनच बरगड्या इतक्या मुकाट खाली जातात.

आणि काढल्यावर? इथे सगळ्यांत मोठी लोणकढी थाप आहे. म्हणे नवऱ्याशी बेइमानी केलेल्या बाईच्या गळ्यातलं पितळ शिक्षा म्हणून काढून घेतात, मग तिची मान लुळी पडून ती गुदमरून मरते. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती शाळेत, एका बाईंकडून, आणि वर्गातल्या सगळ्या मुलींनी आपापली मान चाचपून पाहिली होती. पण कांब बदलायची म्हणजे ती काढावीच लागते. दवाखान्यात तपासायला काढतात. कायमची काढून टाकलेल्या बायकाही आहेत, आणि त्या धडधाकट जगतायत. सुरुवातीचे काही दिवस मान हलकी, अधांतरी वाटते, दुखतं, कातडीवर डाग दिसतात, उतरलेले खांदे काही लगेच वर येत नाहीत. पण मान मोडत नाही.

ही थाप शंभर वर्षं का टिकली असेल, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, ती सांगणाऱ्याला दोन सुखं एकदम देते. त्या लोकांचे पुरुष किती क्रूर, असं म्हणायला मिळतं. आणि बाईने वाकडं पाऊल टाकलं की तिचं काय होतं, हेही हळूच सांगून घेता येतं. आमच्या वर्गातल्या मुलींना त्या दिवशी कायानांबद्दल काहीच कळलं नव्हतं. जे कळायचं ते मात्र बरोबर कळलं होतं.

का घालतात, याचीही अशीच उत्तरं मिळतात. वाघाने गळा धरू नये म्हणून. दुसऱ्या टोळीने पळवून नेऊ नये, बाई कुरूप दिसावी म्हणून. नाहीतर बाई सुंदर दिसावी म्हणून! आपली उत्पत्ती नागिणीसारख्या एका मादी ड्रॅगनपासून झाली, तिच्यासारखं दिसावं म्हणून. वाटाड्या समोरचं गिऱ्हाईक बघून यातलं एक काढतो. बायकांना विचारलं तर उत्तर फार साधं मिळतं: आमच्या आईने घातलं, आजीने घातलं, आम्हाला चांगलं दिसतं. कोल्हापुरी साज का घालता, असं मला कुणी विचारलं तर मीही याहून वेगळं काही सांगणार नाही. साजातल्या एकेका पानाचा अर्थ मला कुठे पाठ आहे?

पण ‘आईने घातलं’ म्हटल्याने प्रश्न मिटत नाही, तिथून तो सुरू होतो. पाच वर्षांच्या मुलीला कुणी विचारलं?

माझ्या नातीचे कान बाराव्या दिवशी टोचले. सोनार घरी आला होता. तिचं डोकं मीच धरलं होतं. ती कळवळून रडली, मग दूध पिऊन झोपली. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. मग माझ्या मांडीवरचं ते बाळ आणि लोइकॉच्या डोंगरातली ती पाच वर्षांची मुलगी यांच्यात फरक काय? फरक आहे असं मला ठाम वाटतं, पण वाटून उपयोग नाही, तो दाखवता आला पाहिजे.

पहिल्यांदा मनात येतं ते इजेचं मोजमाप. सुईचं भोक कुठे आणि दबलेल्या बरगड्या कुठे. खरंच आहे. पण मोजमापावर गेलं की आपल्याला सोयीचा तराजू हाताशी येतो. चीनमध्ये मुलींचे पाय बांधून हाडं मोडत, बाई जन्मभर लंगडत चाले. १९१२ साली नव्या प्रजासत्ताकाने त्यावर बंदी घातली तेव्हा कुणी ‘आमची परंपरा’ म्हणून गळा काढला असेल तर त्याची मला कीव येत नाही. त्या तराजूत कायानांचं पितळ पुष्कळ हलकं ठरतं. आणि आजीची तुटलेली पाळी त्याहून हलकी. म्हणजे प्रत्येकाला आपल्याहून जड कुणीतरी सापडतंच.

मग मी दुसरा प्रश्न घेतला: परत फिरता येतं का? नातीने उद्या कानात काही घालायचं नाही असं ठरवलं तर भोक आपोआप बुजत येईल. आणि इथे मला थोडं आश्चर्य वाटलं, कारण मान मोडायची थाप बाजूला केली की कायान मुलीलाही परत फिरता येतं. सोपं नाही, पण येतं. म्यानमारमधल्या त्यांच्या मूळ भागात कितीतरी मुली आता पितळ घालत नाहीत. शाळेत जातात, शहरात कामाला जातात. आई घालते, मुलगी घालत नाही. आपल्याकडे आजीच्या बुगड्या आईने मोडून बांगड्या केल्या आणि आमच्या पिढीने त्या लॉकरमध्ये ठेवल्या, तसंच.

श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी उभं राहून वर बघितलं की मला नेहमी त्याचे कान दिसतात. सत्तावन्न फूट उंचीच्या त्या मूर्तीवर सूतभरही वस्त्र नाही, दागिना नाही, पण कानाच्या पाळ्या मात्र लांब, खाली उतरलेल्या. राजपुत्र होता तो. कुंडलं उतरवली, पण पाळ्या काही वर गेल्या नाहीत. शिल्पशास्त्रात त्याला वेगळं कारण असेल, मला मात्र ते कान असेच दिसतात.

तर प्रश्न असा उरतो, की पंधराव्या वर्षी ती मुलगी ‘मला नको’ म्हणाली तर काय होतं? आणि याचं उत्तर तिच्या गळ्यात नाही, ती कुठे राहते त्यात आहे. म्हणून आता सीमेपलीकडे यावं लागतं.

१९८०च्या दशकाच्या अखेरीला आणि पुढे नव्वदच्या दशकात कायाह राज्यात लष्कर आणि सशस्त्र गट यांच्या लढाईत गावंच्या गावं उठली. पुष्कळ लोक डोंगर ओलांडून थायलंडच्या मे हाँग सॉन प्रांतात आले. बाकीच्या निर्वासितांना छावण्या मिळाल्या. कायान बायकांकडे मात्र काहीतरी ‘बघण्यासारखं’ होतं. त्यांच्यासाठी वेगळी गावं वसली, गावाच्या तोंडाशी तिकीट. परदेशी पाहुण्याला बरीच वर्षं २५० बाट. आत दोन्ही बाजूंना दुकानं, प्रत्येक दुकानात विणलेले स्कार्फ, पितळेच्या बाहुल्या, आणि मागे स्टुलावर बसलेली बाई. गळ्यात पितळ असेल त्या बाईला महिन्याला ठरावीक पैसे मिळतात; घालत नसेल तिला ते मिळत नाहीत. मग चियांग माई, चियांग राई अशा पर्यटकांच्या शहरांजवळही अशी गावं उठली. त्यांना गाव म्हणायचं कशाला, बाजारपेठच ती.

आता सांगा, तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलीने ‘नको’ म्हणायचं कुणाला? आईला की घरातल्या तांदळाला? डोंगराच्या अलीकडे आणि पलीकडे कांब तीच, वेढे तेवढेच, बरगड्याही तितक्याच दबलेल्या. पण तिकडे ती चाल आहे, इकडे नोकरी. चाल हळूहळू विरते, नोकरी विरत नाही. उलट तिकडे जी चाल मंदावत होती ती तिकिटामुळे इकडे टिकली. एक्स-रेमध्ये हा फरक कुठल्याच डॉक्टरला दिसणार नाही.

२००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेने उघड तक्रार केली होती. न्यूझीलंडसारखे देश काही कायान कुटुंबांना कायमचं घ्यायला तयार होते, पण थायलंडचे अधिकारी त्यांना बाहेर जाऊ देत नव्हते. या बायका छावणीबाहेर राहतात, कमावतात, म्हणून त्यांना तो नियम लागू नाही, असं सांगितलं गेलं. एका तरुणीने त्या वेळी निषेध म्हणून गळ्यातलं पितळ काढून टाकलं. लहानपणापासून घातलेलं. तिचं म्हणणं सरळ होतं: हे आहे म्हणून मला सोडत नाहीत, तर हेच नको. मला वाटतं, त्या गळ्याला सगळ्यांत जास्त इजा कशाने झाली हे तिच्याइतकं नेमकं कुणी सांगितलं नसेल.

हे सगळं नवं आहे असंही नाही. १९३०च्या दशकात कायान बायकांना इंग्लंडमध्ये बर्ट्रम मिल्सच्या सर्कशीत नेलं होतं, ‘जिराफासारख्या मानेच्या बायका’ म्हणून. हत्ती, घोडे, विदूषक आणि या. पास्कल खू थ्वे हे पडाउंग लेखक. त्यांच्या २००२ मधल्या आत्मकथनात त्यांच्या आजीचा हा सर्कशीतला प्रवास येतो. त्या आजीला इंग्रजांचंच नवल वाटत होतं, की नुसतं बघायला हे लोक पैसे मोजतात. तिकीट काढून आलेल्या माणसाला वाटत असतं की बघणारा आपण एकटेच.

आमच्या महिला मंडळात हा विषय पुस्तकातून आला नाही, सहलीतून आला. थायलंडची सहल ठरत होती. शुद्ध जैन जेवण, सूर्यास्तापूर्वी चौविहारची सोय, सोबत आपला स्वयंपाकी, सगळं छापील पत्रकात होतं. सहाव्या दिवशी खाली बारीक अक्षरात: लांब मानेच्या आदिवासी महिलांच्या गावाला भेट, ऐच्छिक, पैसे वेगळे. बस्तीच्या सभागृहात त्यावर अर्धा तास वाद झाला, आणि तो इतका चांगला झाला की चहा निवून गेला तरी कुणी उठेना.

एक आक्का म्हणाल्या, ‘नुसतं बघितलं म्हणून काय बिघडलं गं? आपण काय त्यांच्या गळ्यात घालायला चाललोय?’

कृत, कारित, अनुमोदित हे तीन शब्द आपल्या बायकांना नवे नाहीत. आपण केलं, करवलं, किंवा दुसऱ्याने केलेल्याला बरं म्हटलं. तिन्ही खाती आपल्याच नावावर. मी तेच म्हणाले, की गळ्यात घालते ती आई, घालायला लावतो तो तिकीट फाडणारा, आणि तिकीट घेणारी मी अनुमोदना देते. माझ्या मते वाद इथे संपला होता. पण कोपऱ्यात बसलेली माझी सून म्हणाली, ‘आई, अनुमोदना नक्की कशाला? पितळेला की कुंपणाला? आणि तुम्ही पंचवीस जणी गेला नाहीत, तर त्या दिवशी ती बाई काय खाणार?’

सभागृह गप्प झालं. सूनबाईंनी मग कोरोनाच्या काळाची आठवण दिली. २०२० मध्ये पर्यटक यायचे थांबले तेव्हा त्या गावांतली दुकानं बंद पडली, उत्पन्न एकाएकी शून्यावर आलं, आणि कितीतरी कायान लोक पुन्हा म्यानमारकडे परतले, जिथे २०२१च्या फेब्रुवारीत लष्कराने सत्ता घेतली आणि पुढे लढाई पुन्हा पेटली. म्हणजे आपण ‘बघणार नाही’ म्हटल्याने कुंपण तुटत नाही. आतली चूल मात्र विझते. हे मला त्या दिवशी मान्य करावं लागलं, आणि अजून ते मनातून जात नाही. बहिष्कार घालणारीचे हात स्वच्छ राहतात खरे. पण आपले हात स्वच्छ राहावेत एवढ्यासाठी दुसरीला उपाशी ठेवायचं, तर त्यात अहिंसा किती आणि स्वतःची सोय किती?

‘मग जायचं म्हणता?’ आक्कांनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

मी म्हटलं, ‘थांबा आक्का.’ कारण गाव आणि गाव यात फरक असतो. मे हाँग सॉनमध्ये पाय नदीच्या काठी हुआय पू केंग नावाचं गाव आहे. होडीने जावं लागतं. तिथल्या लोकांनी पाहुण्यांसाठी वेगळी रीत काढली आहे. पाहुण्याने रांगेने फोटो काढत जायचं नाही, बसायचं. विणकाम, लाकडाचं कोरीवकाम, असं काहीतरी त्यांच्याकडून हाताने शिकायचं, त्याचे पैसे द्यायचे, हवं तर मुक्काम करायचा. पैसा सरळ शिकवणाऱ्या घराच्या हातात. तिथेही बायकांच्या गळ्यात पितळ आहे, सगळ्यांच्या नाही. पण जिच्या गळ्यात नाही तिलाही विणता येतं, शिकवता येतं, आणि त्याचे पैसे मिळतात. माझ्या दृष्टीने सगळी गोम इथे आहे. पितळ न घालणारीचंही पोट जिथे भरतं, तिथे घालणारी खरंच स्वतःच्या मनाने घालत असेल असं मी मानायला तयार आहे. मग तिच्या बरगड्यांची काळजी करणारी मी कोण? माझ्या सुनेने मला दहा वेळा सांगूनही मी कार्याला तीन पदरी मोहनमाळ आणि वर साज घालतेच, दुसऱ्या दिवशी मान धरते ती धरते.

लहान मुलीचं मात्र मला अजूनही तसंच वाटतं. पाच वर्षांच्या गळ्यात ते घालू नये. पंधराव्या-सोळाव्या वर्षी हाडं तयार झाल्यावर तिने मागितलं तर घालावं, मग मान तेवढी ‘लांब’ दिसणार नाही कदाचित, न दिसो. कायान आया याला काय म्हणतील हे मी सांगू शकत नाही. मी त्यांना तोंडावर हे म्हणेन का? शेजारी बसून दोन दिवस विणकाम शिकल्यावर कदाचित म्हणेन. ती मला उलट विचारेल, तुझ्या नातीचे कान कधी टोचले गं? आणि मी सांगेन, बाराव्या दिवशी.

आमच्या सहलीतलं गाव हुआय पू केंग नव्हतं. पत्रकात गावाचं नावच नव्हतं. म्हणून मंडळातर्फे आम्ही सहल नेणाऱ्याला पत्र लिहिलं: हे गाव कुठलं, तिकिटाचे पैसे कुणाला जातात, पितळ न घालणाऱ्या बायकांना तिथे काय मिळतं. अक्षर चांगलं म्हणून पत्र आक्कांनीच लिहिलं, खाली सतरा जणींच्या सह्या आहेत. परवा त्यांचा फोन आला, की मॅडम, ऐच्छिक आहे ना, तुम्हाला नको असेल तर त्या ऐवजी आम्ही खरेदीला जास्त वेळ देऊ. आक्का म्हणाल्या, ‘अहो, आम्ही हे विचारलंच नव्हतं,’ आणि पत्र पुन्हा पाठवायला सांगितलंय, या वेळी स्पीड पोस्टाने.